मागून येणारा हालेलूया

लेंटमध्ये माणसानं काहीतरी सोडावं म्हणतात. ईस्टरच्या आधीचे ते चाळीस दिवस. कुणी मटण सोडतं, कुणी चहा सोडतं, कुणी तंबाखू सोडल्याचं चारचौघांत जाहीर करतं आणि गोठ्यामागं जाऊन चोळतं. त्र्याहत्तर सालच्या लेंटमध्ये मी हालेलूया सोडला. एकटीनं नाही, चर्चच्या सगळ्या मंडळीला सोडायला लावला. एकटीनंच पुण्य कमवावं इतकी काही मी कोत्या मनाची नव्हते.

आमचं गाव नेवासे तालुक्यात. घोडेगावच्या बाजाराकडं जनावरं नेणारी वाट आमच्या चर्चच्या कुंपणाला घासून जायची. त्या उन्हाळ्यात त्या वाटेवरून जाणारी जनावरं पुष्कळ दिसली, परत येणारं एकही दिसलं नाही. दुष्काळ कसला म्हणून विचारू नका, ज्यांनी पाहिला त्यांना सांगायला नको आणि बाकीच्यांना खरं वाटायचं नाही. निम्मं गाव रस्त्याच्या कामावर खडी फोडत होतं. रेशनवर लाल मिलो म्हणजे अमेरिकेची ज्वारी मिळायची, तिची भाकरी तव्यावरच फुटायची. शाळेत पोरांना सुकडी म्हणजे सरकारी कोरडा खाऊ वाटायचे, ती मी वाटायची. आणि अशा साली आमच्या मंडळीनं काय करावं? तर समिती नेमली. लेंटमध्ये कशाचा उपास करावा आणि कोणती गाणी गावीत, याचा विचार करायला. दुष्काळात तेरावा महिना, दुसरं काय.

झालं होतं असं, की दोन-तीन वर्षांपूर्वी वरच्या लोकांनी निरनिराळ्या मिशनांच्या मंडळ्या एकत्र आणल्या. कागदावर सह्या झाल्या, फोटो निघाले, पेढे वाटले. आमचं जुनं मिशन साधं. रविवारी यायचं, गायचं, उपदेश ऐकायचा, डुलकी आलीच तर खांबाआडची जागा बघून घ्यायची. लेंट म्हणजे काय हे आमच्यातल्या निम्म्यांना ठाऊक नव्हतं आणि उरलेल्यांना ते पाळायचं असतं हे ठाऊक नव्हतं. दुसऱ्या मिशनातली माणसं मात्र पुस्तकाबरहुकूम चालणारी. त्यांच्याकडं लेंटच्या पहिल्या दिवशी राखेचा बुधवार, वेदीवर जांभळं कापड, आणि लेंट सुरू झालं की ईस्टरच्या पहाटेपर्यंत हालेलूया म्हणायचा नाही. आनंदाचा शब्द तो, झाकून ठेवायचा. त्यांच्यातले एक कंपाउंडर आमच्या दवाखान्यात बदलून आले आणि येताना हे सगळं बरोबर घेऊन आले.

समितीत आम्ही चौघं होतो. हे कंपाउंडर. निवृत्त हेडमास्तर, ते अध्यक्ष. त्यांना कुठल्याही समितीचं अध्यक्ष केलं नाही तर त्यांची तब्येत बिघडायची. चर्चचे धर्मगुरू पाळकसाहेब, ज्यांनी उभ्या आयुष्यात एकच वाक्य मनापासून म्हटलं होतं, ‘दोन्ही बाजूंचं ऐकून घेऊ.’ आणि चौथी मी. मी तेव्हा चोवीस वर्षांची, शाळेत बाई आणि चर्चमध्ये पायपेटी वाजवणारी. पुण्याला ट्रेनिंग करताना एका म्हाताऱ्या मडमेकडं मी पेटी शिकले होते. ती मडम म्हणायची, ‘गायला सुरुवात कुणीही करील. मंडळी किती चांगली ते ती एकदम थांबते की नाही यावरून कळतं.’ हे एवढं एक वाक्य घेऊन मी गावाला परत आले आणि त्या वाक्यानं मी अख्ख्या गावाचा जीव खाल्ला.

कारण आमची मंडळी एकदम थांबायची नाही. म्हणजे थांबायची, पण एक माणूस सोडून.

तो माणूस म्हणजे घंटावाले बाबा. चर्चची आणि शाळेची घंटा तेच वाजवायचे. साठीच्या पुढचे, अंगावर जाडंभरडं धोतर, डोक्याला टोपी, हातांना दोरीचे घट्टे. घंटा मात्र अशी वेळेवर, की गावातल्या शेतकऱ्यांच्या घरी बायका तिच्यावर चूल पेटवायच्या. ‘किरिस्तावांची घंटा झाली, अजून भाकरी न्हाई?’ असं सासवा सुनांना म्हणायच्या. बाबांना वाचता येत नव्हतं. आकडे मात्र यायचे. भिंतीवर एक लाकडी फळा होता, त्यात आज कोणती गाणी म्हणायची त्यांच्या नंबरांच्या छोट्या पाट्या सरकवायच्या. ते काम त्यांचंच. मी आकडे सांगायची, ते पाट्या लावायचे, आणि लावता लावता गाणं ओळखायचे. सगळ्या पुस्तकात त्यांचं एक गाणं होतं, दोनशे चौदा. रिकाम्या कबरेचं, येशू उठल्याचं, ईस्टरचं. पण आमच्याकडं कुठला आलाय नियम, ते बारा महिने गायलं जायचं. लग्नाला, नामकरणाला, विहिरीला पाणी लागलं तर विहिरीवर.

त्या गाण्यात प्रत्येक कडव्याच्या शेवटी तीनदा हालेलूया आहे. सगळी मंडळी तिसऱ्या हालेलूयावर समेला यायची, मी पेटीवरचा हात उचलायची, शांतता व्हायची. आणि मग मागच्या दारापाशी दोरीजवळ उभे असलेले बाबा मोठ्यांदा म्हणायचे, ‘हालेलूया!’ एक मात्रा उशिरा. दर कडव्याला, दर रविवारी. पोरं खुदकन हसायची आणि माझ्या मस्तकात जायचं. मी त्यांना दोन-तीनदा सांगितलं, हातानं ताल धरून दाखवला. ते मान डोलवायचे. ‘व्हय बाई, ध्यानात आलं,’ म्हणायचे. पुढच्या रविवारी पुन्हा तेच.

तेव्हा खरं सांगायचं तर, कंपाउंडरांनी समितीत ‘आमच्याकडं लेंटमध्ये हालेलूया वर्ज्य असतो’ म्हटलं तेव्हा मला काही पश्चात्ताप-बिश्चात्ताप आठवला नाही. मला आठवलं की चाळीस दिवस बाबा गप्प बसतील.

अशी सूचना आमच्या बाजूनं कुणी उचलून धरील अशी कंपाउंडरांनाही अपेक्षा नव्हती. मी उचलून धरली. काय बोलले मी त्या दिवशी! शिस्त, आत्मपरीक्षण, दोन मंडळ्यांचं ऐक्य. हेडमास्तरांनी चष्मा काढून माझ्याकडं पाहिलं, एवढं ते भारावले. पाळकसाहेब म्हणाले, ‘दोन्ही बाजूंचं ऐकून घेऊ,’ पण दुसरी बाजू बोलायला कुणी उरलंच नव्हतं.

हेडमास्तरांनी विचारलं, ‘पूर्ण वर्ज्य? एखादा अपवाद वगैरे?’

मी म्हटलं, ‘अपवाद नको सर. एक अपवाद केला की शिस्त गेली.’

ठराव मीच लिहिला. माझं अक्षर चांगलं म्हणून. ‘लेंटच्या काळात हालेलूया हा शब्द असलेलं कोणतंही गीत, कोणत्याही उपासनेत, कोणत्याही निमित्तानं गाऊ नये.’ त्यातलं ‘कोणत्याही निमित्तानं’ कुणी सांगितलं नव्हतं. ते मी माझ्या मनानं घातलं, वाक्य भरदार व्हावं म्हणून. उचलली जीभ लावली टाळ्याला, तसं उचलली लेखणी लावली कागदाला.

पुस्तकातली सगळी गाणी चाळून मी यादी केली. आनंदाची डझनभर गाणी गेली, दुःखाची राहिली. खडी फोडून हातांना फोड आलेल्या बायकांनी रविवारी येऊन आणखी थोडं दुःख म्हणावं, अशी आमची योजना.

बाबांना मीच सांगितलं. ते फळ्यापाशी फडक्यानं पाट्या पुसत उभे होते.

‘मंजी दोनशे चौदा बी न्हाई?’

‘नाही बाबा. ईस्टरलाच आता.’

त्यांनी हिशेब केला. बोटांवर आठवडे मोजले. मग विचारलं, ‘मोठ्यांदी न्हाई म्हनायचं, का मनात बी न्हाई?’

आता हा प्रश्न किती चांगला होता ते मला आज कळतं. आमच्या समितीत असा प्रश्न विचारणारं एकही माणूस नव्हतं. पण चोवीस वर्षांच्या बाईला असले प्रश्न ऐकायला वेळ कुठला? मी हसून म्हटलं, ‘मनात म्हणा की! फक्त वेळेवर म्हणा म्हणजे झालं.’

ते हसले नाहीत. ‘बरं बाई,’ म्हणाले आणि पाट्या पुसत राहिले.

पहिले दोन रविवार स्वर्ग! मंडळी सुरू व्हायची एकदम आणि थांबायची एकदम. मी हात उचलला की टाचणी पडली तर ऐकू येईल. बाबा मागं ओठ मिटून उभे. कंपाउंडर माझ्याकडं बघून मान हलवायचे, मी पायपेटीच्या भात्यावर पाय मारत मनातल्या मनात पुण्याच्या मडमेला पत्र लिहायची.

तिसऱ्या रविवारी घंटा झाली नाही. गावात पहिल्यांदा लोकांनी घड्याळं बघितली, आणि ज्यांच्याकडं नव्हती त्यांना त्या दिवशी उपासना आहे हेच कळलं नाही. बाबा घंटेला यायला निघाले होते, दारातच बसले, उठता येईना. कंपाउंडरांनी जाऊन पाहिलं. छातीत पाणी झालंय, वय आहे, आणि पोटात काय जातंय ते आपल्याला माहीतच आहे, असं म्हणाले. तालुक्याच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं, पण बाबा खाट सोडेनात.

मी भेटायला गेले. त्यांचं घर चर्चच्या मागंच, एक खोली आणि पुढं पडवी. जवळ गेले तर आतून ठक, ठक, ठक असा आवाज येत होता, डब्यावर काहीतरी वाजवल्यासारखा. मी ‘मावशी’ म्हणून हाक मारली तसा तो थांबला. त्यांची बायको बाहेर आली. तिला आम्ही मावशीच म्हणायचो. हातात पत्र्याच्या डब्याचं झाकण होतं, ते तिनं घाईनं पदराखाली घेतलं. मला वाटलं, डबा रिकामा आहे ते मला दिसू नये म्हणून असेल. मी आणलेली सुकडी तिच्या हातात दिली आणि स्वतःवर खूष झाले.

बाबा खाटेवर उशीला टेकून बसले होते. दम लागत होता, पण चेहऱ्यावर काहीतरी चोरून खाल्ल्यासारखं हसू.

‘सलाम बाई. किती आयतवार ऱ्हायले?’

‘चार, बाबा. चौथ्या रविवारी ईस्टर.’

‘लई लांब हाय,’ म्हणाले. मग उशीवरून पुढं होत, ‘बाई, एक मागनं हाय. मला मातीला न्ह्याल तवा दोनशे चौदा म्हना. ते उठायचं गानं हाय. मानसाला मातीत घालताना तेच पायजे.’

‘कोणत्याही निमित्तानं’ हे शब्द माझ्याच अक्षरात डोळ्यांपुढं उभे राहिले. आणि मी काय म्हणावं? मी म्हटलं, ‘मग बाबा, तुम्हाला ईस्टरपर्यंत थांबावं लागेल.’

‘थांबतो की,’ ते म्हणाले. ‘माझी घंटा कवा चुकली हाय का?’

मावशी हसली, मी हसले. बाहेर आल्यावर मात्र उमगलं मला. मरणाऱ्या माणसाला तारीख देऊन आले होते मी.

मी समितीची बैठक बोलवायला लावली. तिघांनाही वाटलं बाई आणखी काहीतरी सोडायचं सुचवणार. मी सगळं सांगितलं. म्हटलं, म्हाताऱ्याची एवढीच इच्छा आहे, वेळ आलीच तर तेवढं एक गाणं म्हणू द्या.

हेडमास्तरांनी इतिवृत्ताची वही उघडली. त्यांना वही उघडायला फार आवडायचं. बोट ठेवून वाचलं, ‘कोणत्याही निमित्तानं.’ मग म्हणाले, ‘बाई, अक्षर आपलंच आहे ना? अपवाद केला की शिस्त गेली, हेही आपणच म्हणाला होता. मी त्या दिवशी घरी जाऊन मुलांना सांगितलं, बघा, याला म्हणतात तत्त्व.’

कंपाउंडर बिचारे म्हणाले, ‘आमच्याकडंही मयताला कधी कधी...’ पण पुढं त्यांना बोलवेना. नव्या मंडळीत आले होते, जुन्यांपुढं ढिले पडायचं नव्हतं त्यांना. पाळकसाहेबांनी दोन्ही बाजूंचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘अशी वेळ न येवो, हीच प्रार्थना करू.’ आणि खरोखरच डोळे मिटून केली. म्हणजे ठरावात बदल करण्यापेक्षा त्यांना देवाकडून म्हाताऱ्याचं आयुष्य वाढवून घेणं सोपं वाटलं. मी चिडून घरी आले. सगळ्यांवर चिडले. एका माणसावर चिडायचं राहिलं, ते माणूस आरशात होतं.

नंतर मी दोनदा त्यांच्याकडं गेले. दोन्ही वेळा ठक ठक ऐकू आलं, दोन्ही वेळा थांबलं. दोन्ही वेळा बाबांनी रविवार विचारले. दुसऱ्यांदा ‘दोन’ म्हटलं तेव्हा ते ‘आता काय, आलंच की’ म्हणाले, पण ते म्हणायला त्यांना तीनदा श्वास घ्यावा लागला.

ईस्टरच्या आधीचा रविवार तो झावळ्यांचा, त्याच्याही आधीच्या मंगळवारी सकाळी बाबा गेले. ईस्टर बारा दिवसांवर होता. घंटेची दोरी कुणीतरी ओढली, पण ती कशीतरी वाजली, दोन ठोके जवळ आणि तिसरा लांब. शेतकऱ्यांच्या घरांतून माणसं बाहेर येऊन चर्चकडं बघत उभी राहिली. घंटा चुकली म्हणजे घंटावालाच गेला हे सांगायला कुणाला जावं लागलं नाही.

दुपारी मयत नेलं. उन्हाळा, ठेवता येण्यासारखं नव्हतं. आमची कबरस्तानाची जागा ओढ्याकाठी, ओढ्यात पाण्याचा थेंब नाही. जमीन अशी तापून घट्ट झालेली, की कुदळ उड्या मारायची. खडीच्या कामावरची माणसं पहारी घेऊन आली आणि त्यांनी सकाळपासून फोडून फोडून खड्डा केला. त्या माणसांनी दुष्काळात रस्त्यासाठी दगड फोडले तसे बाबांसाठीही फोडले. मी हातपेटी घेऊन कडेला उभी होते. दुसऱ्या मिशनातली चार प्रतिष्ठित माणसंही आली होती, कंपाउंडरांच्या ओळखीची, नवी मंडळी कशी एकोप्यानं नांदते ते बघायला.

पाळकसाहेबांनी वचनं वाचली, प्रार्थना केली. मग माझ्याजवळ सरकले आणि हळूच म्हणाले, ‘बाई, गाणं तुम्हीच ठरवा. मी काही म्हणणार नाही.’

म्हणजे बघा! आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कुणाच्याही बाजूचं ऐकून न घेता निर्णय दिला आणि तो माझ्या ओंजळीत टाकला. दोनशे चौदाचे पहिले सूर माझ्या बोटांखाली होते. नुसतं दाबायचं होतं. माणसं लगेच गायला लागली असती, त्यांना काय ठरावाचं पडलंय? हेडमास्तरांनी फार तर चष्मा काढला असता.

समोर मावशी उभी होती. तिनं माझ्या हातांकडं पाहिलं.

मी दुःखाचं गाणं लावलं. यादीतलं, नियमातलं. का? देवाला घाबरून म्हणावं तर तसंही नाही. त्या चार पाहुण्यांसमोर आपलाच ठराव आपणच मोडला तर आपण हलक्या ठरू, म्हणून. एवढंच. याहून मोठं कारण मी पन्नास वर्षं शोधतेय, सापडलेलं नाही. गाणं झालं, सगळे एकदम थांबले, माती पडली. मावशीनं नंतर माझ्याकडं पाहिलं नाही.

ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात, गुरुवारी, शाळा सुटल्यावर मावशी माझ्या दारात आली. मला वाटलं भांडायला आली. भांडली असती तर बरं झालं असतं. ती ओट्यावर बसली, पाणी प्यायली आणि पदराची गाठ सोडली. आत फळ्यावरच्या तीन पाट्या होत्या. दोन, एक, चार. आकडे चुन्यानं नव्यानं रंगवलेले.

‘तुमी ईस्टरपोतूर न्हाई म्हनलात त्याच दिशी त्यांनी घरी आनल्या,’ ती म्हणाली. ‘कुनी चुकून लावल्या तर बाईंचा नेम मोडंल म्हनाले. आता तुमीच लावा.’

मी म्हटलं, ‘मावशी, मातीच्या वेळी मी...’

‘ऱ्हाऊ द्या. तुमचा तरी काय इलाज?’ मला वाचवायला निघाली होती ती! मग म्हणाली, ‘फकस्त एवढंच वाटतं, त्यांचं ऐकायला पायजे हुतं तुमी. एवढं घोकलं हुतं त्यांनी.’

‘काय घोकलं?’

‘अवं, तुमी म्हनला न्हाई का, मनात म्हना पर येळेवर म्हना? त्ये घरी आले आन मला म्हनाले, बाईंनी ह्ये माझ्यापायीच केलंय. चाळीस दिस दिल्यात मला शिकायला. पुस्तक येत न्हाई, दुसऱ्यांनी म्हनल्याबिगर मला कळत न्हाई आलं म्हून, तवा मागं पडतो. आता मोजून शिकायचं. मग मी झाकनावर ठोके द्याची आन त्ये मनात म्हनायचे, आन बोट वर करायचे. पडून ऱ्हायले तरी सोडलं न्हाई. तुमची हाक आली की गप व्हायचो आमी. ईस्टरला एकदम दावायचं म्हनत हुते.’ तिनं डोळे पुसले. ‘शेवटी शेवटी अगदी येळेवर याचं बगा बोट.’

मी त्या बाईसमोर ढसाढसा रडले. लाज वाटली म्हणून रडले, दुसरं काही नाही. दररोज शाळेत ‘अ अननसाचा’ शिकवणारी मी, चर्चमध्ये चार वर्षं एक माणूस एक मात्रा मागं का राहतो याचा मला कधी विचार करावासा वाटला नाही. मी त्याला ताल दाखवत होते, आणि त्याला हवी होती अक्षरं. तीन महिन्यांत शिकला असता. आकडे येतच होते. आणि मी शिकवलं काय, तर गप्प बसायला. बैल गेला अन् झोपा केला म्हणतात, मी तर बैल गेल्यावर झोपा केला आणि वर त्याचं इतिवृत्तही लिहून ठेवलं होतं.

ईस्टरच्या पहाटे मी सगळ्यांच्या आधी चर्चमध्ये गेले आणि फळ्यात त्या तीन पाट्या सरकवल्या. उजेड झाल्यावर माणसं आली. खडीवरच्या बायका धुतलेली लुगडी नेसून आल्या. मावशी पुढं बसली नाही, मागं दोरीपाशी जाऊन उभी राहिली.

दोनशे चौदा सुरू झालं. चाळीस दिवसांची तहान होती लोकांना, भिंती दणाणल्या. पहिलं कडवं संपलं. एक हालेलूया, दोन, तीन. आणि मंडळी थांबली. एकदम, एका क्षणी, समेवर. एकही आवाज मागं राहिला नाही. मडमेनं ऐकलं असतं तर मला मेडल दिलं असतं. इतकी वर्षं मी जे मागत होते ते मला मिळालं, आणि माझा हात काही पेटीवरून उचलेना. सूर तसाच धरून ठेवला मी, एक मात्रा. मग पुढचं कडवं घेतलं. त्या कडव्यानंतरही धरला. चारही कडव्यांना धरला. हेडमास्तरांनी चष्मा काढून बघितलं, बघू दे.

पुढच्या वर्षी लेंट आलं तेव्हा ठराव होताच, मी तो रद्द करा म्हणाले. हेडमास्तर म्हणाले, बाई, तुमचं काही एक ठरत नाही. मी म्हटलं, ठरलंय सर, म्हणूनच म्हणतेय. ‘मयताचा प्रसंग सोडून’ एवढे शब्द शेवटी घातले त्यांनी. मीच लिहिले, अक्षर चांगलं म्हणून. मावशीला मात्र त्र्याहत्तरच्याच पावसाळ्यात मी पाटी-पेन्सिल नेऊन दिली. ती शिकली, दोनशे चौदा स्वतः वाचून म्हणायला लागली, आणि पुढं बरीच वर्षं जगली.

आता आमच्या चर्चमध्ये कीबोर्ड आहे, गिटार आहे, भिंतीवर गाण्याचे शब्द पडतात, फळा अडगळीत गेला. ईस्टरला मात्र दोनशे चौदा मी पायपेटीवर वाजवते. म्हातारीला नाही म्हणायची कुणाची टाप नाही. गेल्या ईस्टरला उपासना संपल्यावर कीबोर्ड वाजवणारी मुलगी माझ्याजवळ आली. पुण्याला शिकून आलेली, चोविशीची, चेहऱ्यावर सगळं जग दुरुस्त करायचा उत्साह. ओळखलं मी तिला.

म्हणाली, ‘आजी, रागावू नका हं. पण प्रत्येक कडव्यानंतर तुम्ही एक मात्रा जास्त घेता. सगळे थांबतात आणि तुमचा सूर तेवढा मागं राहतो.’

‘ती मात्रा माझी नाही गं,’ म्हटलं. ‘एसटीत रुमाल टाकून जागा धरतात ना, तशी धरलीय.’

‘कुणासाठी?’

‘येतील ते,’ मी म्हटलं. ‘त्यांना जरा उशीर होतो.’